तात्यापाऱ्यात मागितलेली माफी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असले किस्से सांगणाऱ्यांची मी ऑफिसात टर उडवत असे. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली... खरं तर कारण तेवढंच नाही.

छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी तिथल्या एका सरकारी कार्यालयात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होतो. माझ्या हाताखालच्या मेश्रामनं कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांसाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला. साहेबांना मी तो माझा म्हणून दाखवला. कोडच्या पहिल्याच ओळीत मेश्रामचं नाव होतं. खोडायला जावं तर सगळंच बिघडेल ही भीती. त्याची बिलासपूरला बदली होताच, ते नाव कोणाला दिसू नये म्हणून मी कोडला पासवर्ड लावून टाकला. कोणीतरी येतंय असं वाटून, घाईत. आठवड्याभरात तो पासवर्डच विसरलो.

मग नेमणुकांच्या यादीत चुका निघाल्या, आणि दुरुस्तीला कोड उघडेना. साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं — मेश्राम लॉक करून गेला.

चार दिवस मी मुलीचं नाव, स्कूटरचा नंबर, गावाचं नाव, सगळं टाकून पाहिलं. ताटावरून अर्धवट उठायचो. चौबे कॉलनीतल्या घरी बायको विचारायची, "काहून असे करून राहिले?" मेश्रामला बिलासपूरला निरोप गेला होता: कल आओ, शाम तक नहीं खुला तो सस्पेंड. त्याच्या घरात दोन लहान पोरी, म्हातारी आई, कमावता तो एकटा.

पाचव्या दिवशी सकाळी दहापासून बारापर्यंत मी साहेबांच्या केबिनमध्येच होतो. मेश्रामच्या निलंबनाचा आदेश मीच वाचून तपासत होतो. बाराला मेश्राम आला. कॉम्प्युटरसमोर बसला, पासवर्ड टाकला. कोड उघडला.

"याद आ गया, सर," एवढंच तो बोलला. नोकरी वाचली, पण लेखी ताकीद सर्व्हिस बुकात चढली ती चढलीच.

व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "तुले कसा माहीत?"

"मजाक करता का, बडे बाबू? तुम्हीच तर सांगितला. साडेदहाले, तात्यापाऱ्यात, चौकातल्या चहाच्या टपरीवर."

"मी?"

"हात जोडून उभे होते तुम्ही. मले कसंतरीच झालं. लोक पाहून राहिले होते."

मी पासवर्ड विचारला. त्यानं हळूच सांगितला. लहानपणी आई मला ज्या नावानं हाक मारायची, ते नाव. रायपुरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"जाऊ द्या आता," तो म्हणाला. "माफी मागितली ना. मी नाही सांगत कोणाले."

तो मी नव्हतो, हे सांगायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. मिळालेली माफी ठेवून घेतली.

गेल्या वर्षी मेश्राम वारला. भेटायला गेलो तर त्याची बायको म्हणाली, "ते नेहमी सांगायचे, ऑफिसात एकच माणूस चूक कबूल करणारा भेटला. तुमचंच नाव घेत." मी चहा संपवून उठलो.

मेश्रामवहिनी, प्रोग्राम मेश्रामचा होता. कुलूप माझं होतं. त्या सकाळी त्याच्यापुढे कोण उभं होतं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. मी नव्हतो, एवढं मात्र नक्की. मी आज पहिल्यांदा हात जोडतो आहे.