भाऊजींची गोळी

हट्टीपणात माझ्या मावसबहिणीच्या यजमानांचा हात धरील असा माणूस अख्ख्या महाल पेठेत नव्हता. मिरचीचं दुकान, झुपकेदार मिशा आणि सुईची भीती एवढा त्यांचा संसार. इंजेक्शन पाहिलं तरी भाऊजी आडवे होत.

तिसऱ्या बाळंतपणात बहीण जेमतेम वाचली. चौथं झालं तर ती जगणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. तिला गोळ्या सोसेनात, ऑपरेशनपुरतं अंगात रक्त नाही. रबरी साधनावर भाऊजींचा विश्वास नव्हता. तिसरं अपत्य त्याचाच प्रताप. अशात त्यांनी पेपरात चार ओळी वाचल्या : पुरुषांसाठीही गोळी निघणार. झालं! "तीन खेपा तिनं काढल्या ताई, आता माह्यी पाळी," मला म्हणाले, आणि बहिणीला मुलांसकट भिवापूरला माहेरी धाडून गोळीची वाट बघू लागले.

मी दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या टेबलावर नर्स. दर सोमवारी भाऊजी हजर. "आली का गोळी?" रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावत. औषधाची गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून रोज सकाळी दुकानात पेपरमिंट अख्खी गिळायचा सराव चाले. "काहून गा, बरं नाही का?" एका गिऱ्हाइकानं विचारलं. "बरा आहो. चौथं टाळून राहिलो!" शेजारचा दुकानदार म्हणाला, त्या गोळीनं मिशा झडतात. दुसऱ्या दिवशी भाऊजी मिशा उतरवून आले. "हसाचं ते आताच हसून घ्या. मग खोळंबा नको."

वर्ष गेलं. एकदा ते भिवापूरला गेले, तर धाकटा त्यांना पाहून आजीच्या मागे लपला. "हा कोण?" म्हणाला. सोमवारी भाऊजींनी गोळीचं विचारलंच नाही.

मीच म्हटलं, "भाऊजी, ती गोळी यायला तुमच्या मुली म्हाताऱ्या होतील. पुरुषाचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं."

"सुई टोचतेत का?"

"टोचतात."

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. "लिवा माह्यं नाव."

दोनदा बेशुद्ध पडले, पण टेबलावरून उठून पळाले नाहीत. तीन महिन्यांनी तपासणीचा कागद चांगला आला, तेव्हा बहीणही आली होती. भाऊजींनी कागद तिच्या हातात दिला. "झालं वं. आता भिऊ नको."

पुढची बाई माझ्यासमोर येऊन बसली होती. पाचवी खेप, एकटीच आलेली. ती त्या दोघांकडे बघत राहिली. मीही तिला लगेच नाव विचारलं नाही.