रॅपला आप्पांचा जबाब

माझे वडील, आप्पा, भेदिक गायचे, म्हणजे सवाल-जबाबाची शाहिरी. एका फडानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊनच जबाब द्यायचा. गप्प बसला तो हरला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मागं उभे राहून सूर धरणारे तुणतुणेवाले दोस्त वारले. त्यांच्या घरच्यांनी तुणतुणं आमच्याकडे आणून दिलं. आप्पांनी ते भिंतीला लावलं आणि डफही शेजारी टांगला. एकट्यानं गाणार नाही म्हणाले. तेव्हापासून घरात नुसती चिडचिड. मला ते सोसत नव्हतं.

मी कराडला नोकरी करते. एसटीत मोबाईल चाळताना इस्लामपूरकडचा एक रॅपर सापडला. ना कंपनी, ना स्टुडिओ. उसाच्या बांधावर उभा राहून पाणीपाळी, कारखाना, मोडलेली सोयरीक, सगळं आमच्याच बोलीत धडाधड सांगत होता. ऐकता ऐकता माझा थांबा मागं राहिला. मग पाटणचा एक सापडला, कराडच्या कॉलेजातली एक मुलगी सापडली. मला तर नादच लागला.

रविवारी आप्पा शेंगा फोडत होते, त्यांना पहिला रॅपर ऐकवला. आधी त्यांनी नाक मुरडलं. शेवटी तो विचारतो, ‘हाय का कोण माझ्या तोडीचा?’ आप्पांचा हात थांबला. हे कुणाला विचारतोय म्हणाले. मी म्हटलं, कुणालाच नाही, रॅपमध्ये अशी फुशारकी मारायचीच असते.

“सवाल टाकलाय त्यानं,” आप्पा म्हणाले. “आपुन ऐकलाय. आता गप बसायचं व्हय?”

डफ खाली आला, उन्हात तापला. आप्पा गायला लागले, मी रेकॉर्डिंगला मोबाईल धरला. आवाज फाटत होता, पण शब्दाला शब्द चढत गेला. मला रडूच आलं. रॅपरला पाठवताना मात्र धाकधूक होती, हसला तर? आप्पा रोज विचारायचे, आला का जबाब. पाचव्या दिवशी आला.

“आजोबा, हरलो. आता तुमी सवाल टाका. पर मागनं सूर धरायला कोण न्हाई व्हय?”

आप्पांची नजर भिंतीवरच्या तुणतुण्याकडे गेली. मला वाटलं, संपलं. बाईनं फडात उभं राहायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून ‘मी धरते’ म्हणायची माझी छाती झाली नाही. मग ते उठले, दोस्ताचं तुणतुणं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“धर,” म्हणाले. “त्यानं इचारलंय. जबाब द्याय पायजे.”