दहा मिनिटं बोर्ड बंद

प्रसेनजीतला त्या सकाळी जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

शिवाजी पेठेत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. २०१९च्या महापुरात त्याची आई पारूबाई शिरोळकडच्या एका शाळेच्या गच्चीवर अडकली होती. फोन बंद. आई जिवंत आहे, हे त्याला चौथ्या दिवशी कळलं. मग त्यानं हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाची, परीक्षा दिली आणि गच्चीवर अँटेना चढवला. रोज सकाळी सहाला तो गुलबर्ग्याच्या मल्लप्पाशी बोलायचा. मध्ये जवळजवळ तीनशे किलोमीटर. ना टॉवर, ना तार. उंचावरच्या हवेत रेडिओच्या लहरी विखुरतात. त्यातला कणभर अंश क्षितिजापलीकडं उतरतो. तेवढाच कान लावून वेचायचा.

पुरासाठी हा संपर्क मान्य करायचा का, ते बघायला त्या दिवशी आपत्ती विभागाचे एक साहेब आले होते. प्रसेनजीतनं हाका मारल्या. उत्तरादाखल नुसती खरखर. समोर पेठेतल्या तालीम मंडळानं एका नेत्याच्या वाढदिवसाचा एलईडी दिव्यांचा डिजिटल बोर्ड उभारला होता. त्याच्या स्वस्तातल्या पॉवर सप्लायचा विजेचा गोंगाट रेडिओत शिरून मल्लप्पाचा आवाज गिळत होता.

प्रसेनजीत खाली धावला. तालमीच्या विजयसिंहला त्यानं हात जोडले. दहाच मिनिटं बोर्ड बंद कर म्हणाला.

"वाढदिवसादिवशी सायबांचा फोटो इझवू? त्यास्नी काय झालं तर खांदा द्यायला तू येणार हायस का, भावा?"

"आणि पुरात माणसं गेली तर?"

पोरं हसली. बोर्ड लखलखतच राहिला.

तो वर पोचला तर मोबाइल वाजत होता. मल्लप्पाच. त्याला प्रसेनजीतची प्रत्येक हाक ऐकू आली होती. उत्तरं देऊन त्याचा घसा बसला होता. गोंगाट फक्त इथं होता.

साहेब म्हणाले, फोन लागतोय की, मग ह्याची गरज काय? त्यांनी अहवालात लिहिलं, 'हवामानामुळे संपर्क अशक्य.' आणि सही मागितली.

प्रसेनजीतनं पहिला शब्द खोडला. वर लिहिलं, 'समोरच्या बोर्डामुळे.'

साहेबांचा चेहरा उतरला. कागद खराब केलात म्हणत त्यांनी दुसरा काढला.

"त्याच्यावर बी तेच लिवणार. हवेचा काय दोष न्हाय."

साहेब सही न घेताच जिना उतरले. खाली बोर्डाजवळ विजयसिंहनं पेढा पुढं केला. त्यांनी तो घेतला, वरच्या फोटोला हात जोडले आणि गाडीत बसले.