पत्राऐवजी आलेलं पुस्तक

मला हवं होतं एक पत्र. साधं, एका पानाचं: हा माणूस आमच्याकडे तीन वर्षं कॉम्प्युटरचं काम करत होता. बँकेने पाठवलं चकचकीत पुस्तक, तेही फ्रेंचमधलं.

न्यूझीलंडच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, जुन्या नोकरीचा पुरावा लागतो. माझी जुनी नोकरी ट्युनिसमधल्या एका खाजगी बँकेतली. व्हिसा संपायला चार महिने उरलेले. पत्र नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला. ट्युनिस सोडताना मी पत्र घेतलंच नव्हतं. तिथले माझे साहेब म्हणाले होते, घरच्या माणसाला कागद कशाला, आणि मीही हुरळलो. बाबा फोनवर कानीकपाळी ओरडत होते, पत्र घे म्हणून. ऐकतो कोण!

मी होतो तेव्हा ती बँक एवढीशी. धान्याच्या व्यापाऱ्यांनी काढलेली, शाखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे तिने दोन बँका गिळल्या, नाव बदललं, शेजारच्या देशांत हातपाय पसरले. आनंद आहे. पण या सगळ्या भानगडीत माझ्या काळातले कागद कुठे गेले, कोणालाच ठाऊक नाही. बँकेत माझ्या मेलना उत्तरं देणाऱ्या बाई दर वेळी नम्रपणे कळवायच्या, विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. शेवटी त्यांनी बँकेचा इतिहासच धाडला. माझं डोकंच फिरलं. माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात मी तो सोफ्यावर भिरकावला.

बायकोने उचलला. ती बॉटनी नावाच्या उपनगरात एका फार्मसीत कामाला, बारीकसारीक बघायची सवय.

"हा कॉम्प्युटर आले त्या दिवसाचा फोटो दिसतोय. सगळे आहेत. तू कुठायस?"

"मी काढलाय तो," मी खेकसलो. आणि मग माझीच ट्यूब पेटली.

फोटोत मधोमध साहेब उभे होते. मी बाईंना लिहिलं, कागद राहू द्या, या माणसाला शोधा. साहेब कधीच रिटायर झालेले. पण बाईंनी पत्ता काढला, आणि साहेबांनी पत्र लिहून, स्वतः बँकेत जाऊन शिक्का मारून घेऊन मला पाठवलं. तारखा, हुद्दा, सगळं व्यवस्थित. खाली हाताने एक ओळ: माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत शोधलं, तू एकातही नाहीस, एक पाठव.

रेसिडेन्सी मिळाली. टाकानिनीला स्वतःचं घर झालं. आणि फोटो? त्या तीन वर्षांतला माझा एकही फोटो माझ्याकडे नाही! मीच कायम कॅमेऱ्यामागे, शहाणा कुठला. शेवटी बायकोने नव्या घराच्या दारात उभं करून काढला, तो मेल केला.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचं उत्तर आलं: "तेव्हा फार बारीक होतास. रोज आमच्याकडे जेवायचास, तरी."

मी फोन बायकोच्या हातात दिला, म्हटलं, तूच वाच.