हिलालची चौऱ्याहत्तर आणि चौऱ्याण्णव

प्लेगची पळापळ संपून माणसं सुरतेला परत आली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या भेस्तानच्या सोसायटीत बातमी उठली की हिलाल मास्तर प्यायला लागला. गुजरातेत राहून प्यायची तर दमण गाठावं लागतं, नाहीतर ओळख लागते, आणि हिलालची ओळख चहाच्या पलीकडे कुणाशी नव्हती. पण पुरावा पक्का होता. त्याने खात्याच्या, म्हणजे ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात तो मुकादम होता त्याच्या, फाटकापुढे नवी कोरी फटफटी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि आत निघून गेला. पाळी सुटल्यावर बाहेर येतो तो टाकी कोरडी. शुद्धीतला माणूस असं करेल का, हे पहिल्यांदा कोण बोललं ते नक्की आठवत नाही. बहुतेक मीच असेन. मी दारात बसून साड्यांना फॉल-पिको करतो. हात कामात असले की तोंड मोकळं राहतं.

ती बातमी मीच मागे घेतली. झालं असं की त्या संध्याकाळी हिलाल ओट्यावर पाठमोरा बसला होता. मी मागून जाऊन म्हणालो, "काय भो, कोणती मारली आज?" तो हलला नाही. मी आवाज चढवला. रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसलं, हिलाल तसाच. तेवढ्यात त्याची बायको उषाबाई बाहेर आली, मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि माझ्यापुढे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला. हिलाल पीत नव्हता. हिलाल बहिरा झाला होता.

यात नवल काही नाही. जवानीभर मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस बहिरा होणारच. खात्यात सगळेच थोडेफार तसे असतात. तिथे बोलणं ओठांवरून वाचतात, नाहीतर हाताने सांगतात, आणि काहीच कळलं नाही तर मान डोलावतात. ही मान डोलावण्याची सवय ध्यानात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

घरात लग्नाची मुलगी होती, गायत्री. अमळनेरकडचं स्थळ जमत आलं होतं. बाप बहिरा म्हटल्यावर पाहुणे लगेच म्हणाले असते की घराण्यात दोष आहे, उद्या नातवंडंही तशीच निघतील. मागामुळे कान जातात हे सुरतेत समजतं, गावी कोण समजून घेतो? म्हणून उषाबाईने मला शपथ घातली. भाकरी पोटात गेल्यावर शपथ मोडता येत नाही. माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती.

आता गाड्यांचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर मला एजन्सीवाला समजाल. हिलालकडे दोन फटफट्या होत्या, दोन्ही एकाच कंपनीच्या. एक चौऱ्याहत्तरचं मॉडेल. हिलाल मास्तर झाला तेव्हा कडोदऱ्याच्या एका दूधवाल्याकडून घेतलेली. दोन वेगवेगळ्या सीटा, खाली स्प्रिंगा. मागे बसणाऱ्याला प्रत्येक खड्ड्यात देव दिसायचा. दुसरी चौऱ्याण्णवची, जावयासाठी घेतलेली. पाहुण्यांनी मागितली नव्हती बरं का. ते फक्त म्हणाले होते की पोराला गाडीची हौस आहे. जोडीला निरोपही पाठवला की रनिंग काढून द्या. नवं इंजिन नीट बसेपर्यंत गाडी हळूहळू चालवावी लागते, ते कष्टही सासऱ्याच्याच वाट्याला. म्हणून हिलाल रोज नवी घेऊन कामाला जात होता आणि रोज फसत होता.

कारण तो जुनी गाडी कधी कानाने चालवतच नव्हता. एकदा मला त्याने ओट्यावर बसवून दोघींतला फरक समजावला. जुनीला किक मारली की तळपायापासून दातांपर्यंत सगळं हादरतं. तिचा दिवा इंजिनाबरोबर लुकलुकतो, उभ्या गाडीत मंद होतो, मूठ पिळली की पेटतो. आणि तिच्या आरशात बघायचं. आरशात आपलं एकच तोंड दिसलं तर गाडी बंद, दोन दिसली तर चालू. नवीचं सगळं घट्ट. दिवा स्थिर, आरशात तोंड देवाच्या फोटोसारखं शांत, बुडाखाली काही कळत नाही. मी म्हणालो, अरे लोक ह्याच सुखासाठी नवी घेतात. त्याने माझे ओठ वाचले आणि म्हणाला की ज्याला ऐकू येतं त्याचं सुख आहे ते.

तो नवीवर दोनदा चालू इंजिनाला किक मारताना मी पाहिला. एकदा बंद गाडीवर बसून गिअर टाकून वाट बघत होता. जुनी मात्र त्याच्याशी बोलायची. घरात तेवढंच एक माणूस होतं जे त्याच्याशी मोठ्याने न ओरडता बोलत असे, असं उषाबाईच म्हणायची. नवी एकदा जावयाकडे गेली की सुटलो, जुनीवर मरेपर्यंत फिरेन, हा त्याचा हिशेब. म्हणून तो नवीला मुलीपेक्षा लवकर सासरी पाठवायला निघाला होता.

साखरपुड्याला पाहुणे पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि रिक्षा करून आले. नवऱ्या मुलाचे वडील दगाआप्पा, दुधाचा धंदा. मिशा अशा की ओठ आहेत की नाहीत याचा पत्ता नाही, आणि गालात कायमचा तंबाखू. ह्या माणसाचं बोलणं ऐकू येणाऱ्यालाही निम्मंच कळत होतं.

टिळे झाले, साखर वाटली गेली. मग दगाआप्पा अंगणात आले, दोन्ही गाड्यांपुढे उभे राहिले आणि म्हैस बघावी तशा बघू लागले. नवीच्या टाकीवर बोटाची पेरं वाजवली, जुनीच्या टाकीवर वाजवली. जुनीचा मडगार्ड दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मागच्या स्प्रिंगांवर स्वतः बसून दोनदा उसळले. पाहुण्यांतले सगळेच जाणकार झाले. कुणी म्हणालं नवीचा दिवा चांगला, कुणी म्हणालं रात्री दूध घालायला कोण जातं. एकाने जुनीचा पत्रा जाड ठरवला, दुसऱ्याने तिची चौकट लोखंडाची खाट आहे असं सांगितलं. नवरा मुलगा नवीच्या हँडलला धरून उभा होता, पण बापापुढे बोलला नाही.

हिलाल या सगळ्याच्या मध्ये हात जोडून हसत उभा. पाहुणे गाड्यांचं कौतुक करताहेत एवढंच त्याला दिसत होतं.

मग दगाआप्पा त्याच्याकडे वळले आणि तंबाखू गालात सरकवून म्हणाले, "व्याही, आमच्या कॅनांना जुनीच झेपंल. तुमची नवी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. चालंल ना?"

मी समोर होतो. मी डोळे मोठे केले, मान आडवी हलवली, हाताने खूण केली. उषाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली. गायत्री तिच्या मागे. पण हिलालचे डोळे त्या मिशांवर खिळलेले. त्याने ओठ शोधले, सापडले नाहीत. मग त्याने खात्यात आयुष्यभर जे केलं तेच केलं. हसून दोनदा मान डोलावली.

"याला म्हणतात दिलदार माणूस," पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सगळ्या भेस्तानला ऐकू जाईल अशी बातमी होती आणि तोंड उघडायची सोय नव्हती. थांबा, त्याला ऐकू आलं नाही, असं म्हणालो असतो तर गाडी वाचली असती आणि सोयरीक बुडाली असती. उषाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप उचलला.

पाहुणे गेल्यावर उषाबाईने त्याच्यासमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवून सांगितलं. त्याने तिचे ओठ वाचले. मग म्हणाला, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. "तुम्हले काहीच ऐकू येत नही," असं शेवटी ती अहिराणीत पुटपुटली, तेही त्याने वाचलं असणार, कारण तो उठून अंगणात गेला.

लग्न वैशाखात आमच्याच मैदानात लागलं. जुनीला झेंडूच्या माळा घातल्या, गायत्रीपेक्षा जास्तच. टेम्पोत चढवायच्या आधी दगाआप्पांनी तिला किक मारून दाखवली. हिलालने टाकीवर तळहात ठेवला आणि आरशात पाहिलं. त्याला दोन तोंडं दिसली असतील. दोन्ही रडवेली होती, हे मला लांबूनही दिसलं. पाहुण्यांना वाटलं बाप मुलीसाठी रडतोय. तेही खोटं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत नवा रिवाज आहे. रोज सकाळी हिलाल नवी बाहेर काढतो, किक मारतो आणि माझ्या दाराकडे बघतो. मी मशीनवरून अंगठा वर केला तर गिअर टाकतो, हात हलवला तर पुन्हा किक मारतो. मी बाहेरगावी गेलो की तो चालत जातो. खात्याच्या फाटकापाशी गाडी बंद झाली की नाही हे बघायला त्याने तिथल्या पानवाल्याला ठेवलं आहे. जुनी, गायत्री सांगते, अमळनेरला दुधाचे कॅन वाहते, आणि जावई मनातून अजून नवीवरच आहे.

परवा मला राहवलं नाही. मी अंगठा दाखवायचा थांबलो, त्याच्या पुढ्यात गेलो आणि ओठ स्पष्ट हलवत विचारलं की बाबा, लग्न पार पडलं, पोरगी नांदते आहे, आता तरी व्याह्याला खरं सांगून टाक ना. मान चुकून हलली म्हणावं. गाड्या बदलून घे, जावईही खूश होईल.

हिलालने माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "हेमराज, आज ती दिलदार बापाची लेक म्हणून नांदते. उद्यापासून बहिऱ्याची लेक म्हणून नांदेल. तू तोंड मिट आणि अंगठा दाखव. चालू आहे का बंद?"