जागा बदलल्याशिवाय प्रश्न नाही

इंग्रजीत प्रश्न कसा विचारावा, हे माझ्या आत्याच्या शेजारच्या काकांइतकं खुद्द इंग्रजांनाही कळलं नसेल, असं मी आजही मानते. काका पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. साध्या वाक्यात कर्ता पुढे बसतो आणि प्रश्न आला की ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ ही मंडळी उठून त्याच्याही पुढे येतात, या एका गोष्टीवर त्यांचा एवढा जीव, की ती नुसती तोंडानं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. ओट्यावर मी ‘राम’ आणि शेजारी आत्या ‘इज’. “राम इज ॲट होम. आता विचारा! उठा!” की आम्ही जागा बदलायची. आत्याचे गुडघे दुखायचे. “भावजी, बसल्या बसल्या विचारलं तर नाही का चालणार?” “वहिनी, बसून विचारलेल्या प्रश्नाला कोण उत्तर देतो?” मराठीतसुद्धा ते जागेवरून उठल्याशिवाय काही विचारत नसत. आमटी आणखी आहे का, हे विचारायला पाट सोडून पलीकडे जात. काकू ताट त्यांच्यामागे सरकवत. एकदा स्टँडवर, गाडी उशिरा का आली हे विचारायला ते टेबलापलीकडे ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर तो बिचारा त्यांच्या खुर्चीत बसून खुलासा देऊ लागला.

मी उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. दहावीला इंग्रजीत नापास झाले, म्हणून आत्याकडे आले होते. पोचवायला आलेले बाबा एवढंच म्हणाले, “ऑक्टोबरला बस. नाय सुटलीस त माघात लगीन. पोरगा बगलेला हाय.”

परीक्षेत वाक्यांचे प्रश्न करायला आले. दोघांच्या बाकावर मी एकटीच. पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं डावीकडून उजवीकडे सरकले. दुसऱ्याला परत डावीकडे. तिसऱ्याला बाईंनी पेपरच ओढून घेतला.

“कुणाचं बघतेस गं?”

माझ्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहिला. “कुणाचं नाही, बाई. कर्त्याची जागा बदलतेय.”

बाईंनी आजूबाजूचे बाक पाहिले, माझी उत्तरं पाहिली. “पुढचं माझ्यासमोर कर.” मी सरकले, लिहिलं. पेपर परत ठेवत त्या हळूच म्हणाल्या, “सरक. पण बाक वाजवू नकोस.”

मी सुटले. बाबा न्यायला आले, तेव्हा मार्कशीट हातात धरून बसले. माझ्याशी ते जन्मभर सांगण्याचंच बोलत आले होते. ऊठ, जा, आण, पुरे. त्या दिवशी घसा खाकरून म्हणाले, “मंग, पुढं काय शिकाचं हाय तुला?”

बाबांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यानंतर मी पदवीपर्यंत शिकले. पण बाबांचा तो प्रश्न ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. काकांची आदल्याच महिन्यात दूरच्या डेपोला बदली झाली होती आणि त्यांच्या दाराला कुलूप होतं.