शिवडीच्या खाडीतले पितळी बूच

आज समई घासताना पितळाचा आंबूस वास हाताला लागला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली एक संध्याकाळ आठवली.

शिवडीच्या खाडीत मामांची लहानशी इंजिनाची होडी होती. तळात साचलेले पाणी सोडायच्या भोकाला लाकडी बूच होते. मी गिरणीत फिटर. ते लाकडी बूच चुलीत घालून मी आट्यांचे, फिरवून घट्ट बसणारे पितळी बूच बसवले. ओहोटीला होडी चिखलात टेकली की बूच काढायचे, भरतीपूर्वी लावायचे. त्या दिवशी ते खिशात घालून मी घाईने सभेला गेलो.

परतलो तेव्हा भरती आली होती. मामा भोकावरच्या चिंधीवर टाच दाबून पाणी उपसत बसले होते.

"काय रे, मुंबई मिळाली? मिळाली असात तर बूच दी. पायात गोळो इलो."

होडी वाचली म्हणून मी हसलो. शेजारच्या होड्यांवर माणसे असूनही मामांनी कोणाला हाक मारली नव्हती. मला तो हट्ट वाटला. भाच्याची चूक चारचौघांत जाऊ नये म्हणून ते तसे बसले होते, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. लाज वाटते खरी. पण आपण कोणाचे तरी इतके आपले होतो, याचे समाधान तिच्याहून मोठे आहे.